झाकण उघडण्याआधी

डबा कानाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि दोन्ही हातांनी हलकेच हलवायचा. खुळखुळ वाजलं तर चुरमुऱ्याचे लाडू. टणटण वाजलं तर चिक्की. ठप्प ठप्प असा दबका, जड आवाज आला तर रव्याचे नाहीतर दाण्याचे लाडू. आणि काहीच वाजलं नाही तर मोठी पंचाईत, कारण न वाजणाऱ्या पदार्थांना अंत नाही: शिरा, वाटली डाळ, दडपे पोहे, गच्च बसवलेल्या वड्या. नवरात्रातल्या संध्याकाळी कुरुळीच्या आमच्या अंगणात पंधरा-वीस मुली असा डबा हातोहात फिरवायच्या. डबा जिच्या घरचा ती मधे उभी, ओठ घट्ट मिटून. तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, हेही आम्ही बघायचो.

दर दिवाळीला फराळाचं पीठ मळायला घेतलं की मला आधी हा डबा आठवतो. दिवाळी घराची असते, पाहुण्यारावळ्यांची असते. भोंडला आमचा होता. मुलींनी मुलींसाठी मांडलेला, अंगणातल्या अंगणात रंगणारा, आणि शेवटी सगळ्यांच्या तळहातावर काहीतरी गोड ठेवून संपणारा.

पुण्याहून नाशिककडे निघालं की मोशी मागे पडते, इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा, मग कुरुळी आणि पुढे चाकण. १९८५-८६च्या सुमाराला या रस्त्यावर संध्याकाळी एसटी, बैलगाड्या आणि कांद्याचे ट्रक एवढंच असायचं. रस्ता सोडून गावात शिरलं की दोन्ही बाजूंना बाजरी आणि भुईमूग. माझे वडील भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला होते. पहिली शिफ्ट असली की पहाटे अंधारात जायचे आणि दिवस उतरायच्या आत घरी यायचे. त्यांच्या तीन पुडांच्या डब्याची पुढे गोष्ट आहे.

भोंडला आमच्या घरी आणला आईनं. तिचं माहेर साताऱ्याकडचं. तिकडे त्याला हादगा म्हणतात. सप्टेंबरच्या अखेरीला सूर्य हस्त नक्षत्रात जातो, त्या नक्षत्राचा पाऊस तो हत्तीचा पाऊस, आणि म्हणून हादग्याच्या मधोमध हत्ती. आईच्या माहेरी तो सोळा दिवस चालायचा. आमच्याकडे पुण्याच्या रीतीनं घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत नऊ दिवस. पाटावर खडूनं हत्ती काढायचा, त्याची झूल ज्वारी-बाजरीच्या दाण्यांनी भरायची, सोंडेत एक झेंडू द्यायचा. कडेनं बांधावरचा तेरडा. मग पाट अंगणाच्या मधे ठेवून त्याच्याभोवती हातात हात धरून फेर. पाऊस हमखास यायचा. मग पाट उचलून ओसरीत, आणि ओसरीत मावत नाही म्हणून फेराचा झालेला लांबट अंडाकार.

गाण्यांचा हिशोब सोपा होता. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, नवव्या दिवशी नऊ. खिरापतींचाही, म्हणजे त्या डब्यांतल्या खाऊचाही, तोच हिशोब. नऊ दिवसांची बेरीज केली तर पंचेचाळीस खिरापती होतात. एका घराला हे झेपणं शक्यच नव्हतं, आणि त्यातच त्याची गंमत होती. आळीतल्या प्रत्येक घराला वाटा उचलावा लागायचा. पहिल्या दिवशी आमच्या घरची एक. नवव्या दिवशी नऊ घरांतून नऊ डबे झाकणं लावून यायचे आणि पाटाशेजारी रांगेत बसायचे.

आईची अट एकच होती: दुकानातून आणलेलं काही चालणार नाही. घरात असेल त्यातून, घरात केलेलं. त्या वेळी मला ती अट कडक वाटायची. चाकणच्या आठवडे बाजारात मिळणारी रंगीत गोड शेव माझ्या फार आवडीची होती आणि ती एकदा तरी डब्यात असावी असं मला मनापासून वाटे. आई ऐकायची नाही. तिच्या अटीमागचा विचार मला पुष्कळ उशिरा समजला, आणि तो समजला एका पातेल्यामुळे. तेही सांगते.

त्या खिरापती बहुतेक गुळाच्याच असत. त्यालाही कारण होतं. साखर रेशनवर मोजून मिळायची. सणाला थोडी जास्त मिळे, पण ती दिवाळीच्या लाडू-करंज्यांसाठी डब्यात बंद. गुळाची ढेप मात्र कोनाड्यात कायम. दाणे नुकते शेतातून निघालेले, कणीक रोजचीच. या तीन वस्तूंतून किती प्रकार निघू शकतात हे ज्यानं पाहिलंय त्याला गरिबीचा स्वयंपाक आणि सणाचा स्वयंपाक यांतलं अंतर फार मोठं वाटत नाही.

आईकडे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ होतं. १९७० साली निघालेलं हे पुस्तक मावशीनं तिला दिलेलं. त्यातली मापं वाटी-चमच्याची, म्हणून घरात तराजू नसलेल्या बाईलाही ते आपलं वाटायचं. पण आई ते उघडायची दिवाळीला. भोंडल्याच्या खिरापती तिच्या हातातच होत्या, आणि तिनं त्या आमच्या हातात दिल्या.

सगळ्यात आधी शिकवली गूळपापडी. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी तूप, सव्वा वाटी किसलेला गूळ. तूप कढईत पातळ झालं की कणीक घालायची आणि मंद आचेवर परतत राहायचं. सुरुवातीला कणीक जड असते, उलथणं ओढावं लागतं. हात दुखायला लागला की आई म्हणायची, “थांबू नकोस गं, आता सुटेल ती.” आणि खरंच, थोड्या वेळानं कणीक एकदम हलकी व्हायची, तूप सोडायची, रंग बदामी व्हायचा आणि वास ओसरी ओलांडून रस्त्यापर्यंत जायचा. मग कढई खाली उतरवायची. गूळ चुलीवर असताना घालायचा नाही, नाहीतर वडी दगडासारखी होते. उतरवून, थोडं थांबून, मग गूळ घालायचा आणि कणकेच्या स्वतःच्या उबेत तो विरघळू द्यायचा. तूप लावलेल्या ताटात थापायची, वरून सुक्या खोबऱ्याचा कीस आणि खसखस, वाटीच्या बुडानं दाबून गुळगुळीत करायची आणि कोमट असतानाच सुरीनं शंकरपाळ्याच्या आकारात कापायची. कडेचे वाकडेतिकडे तुकडे करणाऱ्याचे. मी गूळपापडी केली ती बहुधा त्या तुकड्यांसाठीच, आणि अजूनही माझ्या लेखी गूळपापडीची खरी चव कडेलाच असते.

चुरमुऱ्याच्या लाडवांना मात्र सगळी फौज लागायची. गुळाचा पाक झाला की नाही, हे बघायचं काम माझं. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा. पसरला तर कच्चा. बोटांनी गोळा झाला पण मऊ राहिला तर अजून थोडा. वाटीच्या कडेवर आपटून ‘टक्’ वाजला की झालं. तेवढ्यात आई चुरमुरे ओतायची, एकदाच वरखाली करायची आणि ओरडायची, “बसा!” आम्ही चार-पाचजणी तळहात ओले करून परातीभोवती टपलेल्याच असायचो. पाक गार व्हायच्या आत लाडू वळून झाले पाहिजेत. तळवे लाल व्हायचे, कुणाचा लाडू मोठा, कुणाचा लिंबाएवढा. धाकट्या बहिणीचे तर चौकोनीच व्हायचे. आई एकही मोडायची नाही. “खाणाऱ्याला कळू दे ना, कुणी वळलाय ते,” म्हणायची.

दाण्याचे लाडू त्याहून सोपे. दाणे भाजायचे, सालं चोळून काढायची, सुपात पाखडायचे. सालं वाऱ्याबरोबर अंगणभर उडायची आणि कोंबड्या धावत यायच्या. मग उखळात कूट आणि गूळ एकत्र कुटायचा. कुटता कुटता दाण्यालाच तेल सुटतं, तुपाचा थेंबही लागत नाही. आदल्या दिवशीच्या पोळ्या उरल्या असतील तर त्या कुस्करून गूळ-तूप लावून केलेला मलिदा. आणि काहीच सुचलं नाही तर पंचखाद्य: खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. पाचही ‘ख’चे असल्यानं ओळखताना एक ‘ख’ निघाला की बाकीचे आपोआप हाती लागायचे.

करणं सोपं होतं. अवघड होतं ते लपवणं. भाजल्या कणकेचा वास लपत नाही. लाल भोपळ्याचे घारगे तर मुळीच नाही. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळायची, थापून तळायचे. तळणीचा वास आळीला बातमी द्यायचाच. म्हणून आई घारगे दुपारी करायची, आम्ही सगळ्या शाळेत असताना, आणि संध्याकाळपर्यंत घर मोकळं ठेवायची. तरीही डब्याला वास राहायचा. शेवटी तिनं एक युक्ती काढली. वडील कामावरून आले की त्यांचा तीन पुडांचा डबा नेहमी विहिरीच्या काठावर घासायला पडायचा, तिकडे कुणाचं लक्ष नसे. एका वर्षी सातव्या दिवशी तिनं घारगे त्या डब्यात भरले आणि मधल्या पुडात दोन सुपाऱ्या टाकल्या. डबा हलवला की सुपाऱ्या वाजायच्या. “चिक्की!” “खारीक!” “राजगिऱ्याची वडी!” एकेक नाव पडत गेलं. वास घ्यायला कुणी नाक लावलं तर डब्याला यायचा वडिलांच्या भाजीचा वास, लसणाचा. अखेर सगळ्याजणींनी हात टेकले. आईनं झाकण उघडलं तेव्हा ओसरीत कामाचे कपडे न बदलता बसलेले वडील जे हसले, ते हसू मी नंतर त्यांच्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा पाहिलं. आपला रोजचा डबा पोरींच्या खेळात आल्याचा त्यांना केवढा आनंद झाला होता!

आता ते पातेलं.

आमच्या शेजारच्या मळ्यात एक कुटुंब कामाला होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. ती भोंडल्याला रोज यायची, फेरात सगळ्यात उंच आवाजात गायची, पण खिरापतीची पाळी ठरवायची वेळ आली की गप्प व्हायची. त्याच वर्षी आठव्या दिवसाचा आठवा डबा कुणाचा, हे ठरेना. ती एकदम म्हणाली, “आमचा.” मोठ्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, “ठरलं. आठवा यांचा.”

दुसऱ्या दिवशी ती पातेलं घेऊन आली. वरून धुतलेलं फडकं बांधलेलं. हलवलं तर खडखड आवाज, पण कोरडा नाही. पातेलं गरम. आम्ही सुरुवात केली. लाडवांचे सगळे प्रकार झाले. वड्या झाल्या, चिक्क्या झाल्या, करंजी, साटोरी, शंकरपाळी झाली. गोड की तिखट, विचारलं, तर ती म्हणाली, “दोन्ही.” मग आम्ही तिखटामिठाच्या पुऱ्यांपासून भडंगापर्यंत सगळं म्हणून पाहिलं. ती मान हलवत राहिली आणि प्रत्येक नकाराबरोबर तिचा चेहरा उजळत गेला. शेवटी आम्ही हरलो. तिनं फडकं सोडलं. आत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा, आणि कडेला पानात बांधलेला गुळाचा खडा.

क्षणभर कुणी बोललं नाही. ज्या शेंगा आमच्या चहूबाजूंच्या शेतांत होत्या, ज्या आम्ही रोज येता-जाता उपटून खात होतो, त्या खिरापत असू शकतात हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. आई पुढे झाली, तिनं पहिली शेंग फोडली, गुळाचा कण तोडला, दोन्ही मिळून तोंडात टाकलं आणि म्हणाली, “आठ दिवसांत आज पहिल्यांदा सगळ्या हरल्यात हां!” तिचं खरं नव्हतं, घारग्यांना आदल्याच दिवशी सगळ्या हरल्या होत्या. पण आईनं स्वतःचा विजय असा सहज पुसून टाकला. आम्ही सगळ्या त्या पातेल्याभोवती बसलो. टरफलांचा ढीग हत्तीच्या पाटाएवढा झाला. पुढच्या वर्षापासून ओळखायच्या यादीत ‘उकडलेल्या शेंगा’ हे नाव कायमचं दाखल झालं.

आईची अट मला त्या दिवशी कळायला सुरुवात झाली. दुकानातलं चाललं असतं, तर ज्याच्या घरी पैसा त्याचा डबा भारी. घरात असेल त्यातूनच करायचं म्हटल्यावर मळ्यातलं पातेलं आणि वाड्यातला पितळी डबा एका रांगेत बसले. झाकणाखाली सगळेच सारखे. पदार्थ ओळखण्यात आम्ही इतक्या गुंतायचो की तो किमती आहे की साधा, हे कुणी विचारायचंच नाही.

हल्ली वर्तमानपत्रांत ‘खिरापत’ हा शब्द वाचला की माझ्या मनाला लागतं. आश्वासनांची खिरापत, पुरस्कारांची खिरापत. म्हणजे मोजमाप न ठेवता उधळलेलं, कुणालाही मिळणारं, किंमत नसलेलं काहीतरी. आमची खिरापत सगळ्यांना मिळायची हे खरं. पण ती आयती मिळत नव्हती. आधी ऐकायची, हुंगायची, त्या घरच्या बाईच्या हाताची आठवण काढायची, तिच्याकडे काल काय आणलं होतं, आज तिनं काय केलं असेल, याचा विचार करायचा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा इतक्या आपुलकीनं विचार करायला लावणारा खेळ मला दुसरा माहीत नाही.

आमचा भोंडला हळूहळू थांबला. मुली लग्न होऊन गेल्या. चाकणला एमआयडीसी आली, १९९९मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक मोटारींचे कारखाने आले. बाजरीच्या शेतांत गोदामं उभी राहिली, बांधावरचा तेरडा बांधाबरोबर गेला. कुरुळीत घरोघरी वर मजले चढले, भाड्याच्या खोल्या झाल्या. त्या खोल्यांत बुलढाण्याची, जळगावची, लातूरची, बिहार-उत्तर प्रदेशची माणसं राहायला आली. जसे माझे वडील एकेकाळी भोसरीला जायचे, तशी ही माणसं शिफ्टला जातात. माझं सासर चिंचवडला. नवरात्रात माहेरी गेले की अंगणाच्या जागी उभ्या असलेल्या मोटारसायकली बघायच्या आणि गप्प बसायचं, असं बरीच वर्षं चाललं.

गेल्या वर्षी भाची म्हणाली, “आत्या, तुमच्या वेळचा भोंडला गच्चीवर करूया का?” तिच्या शाळेत एका दिवसाचा भोंडला होतो, पण तिथे खिरापत बाहेरून मागवतात आणि ओळखायला लावत नाहीत. माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. ती खुर्चीतूनच म्हणाली, “ओळखायचं नसेल तर भोंडला कसला?”

गच्चीवर पाट मांडला. हत्ती भाचीनं काढला. भाडेकऱ्यांच्या मुली आल्या, आणि मुलगे पण. आमच्या वेळी मुलगे कुंपणाबाहेर खिरापतीची वाट बघत उभे असत, आता ते फेरात होते. बुलढाण्याची एक बाई लेकीला सोडायला आली आणि थबकलीच. “हे तर आमची भुलाबाई!” तिच्याकडे भुलोबा-भुलाबाई मांडतात, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. ती थांबली. तिनं दोन गाणी म्हटली, एक आमच्यासारखंच होतं, चाल फक्त निराळी.

अट आईचीच: घरात केलेलं. वहिनी नोकरीला जाते. तिनं आणि भाचीनं आदल्या रात्री कंडेन्स्ड मिल्क आणि खोबऱ्याचा कीस मिसळून दहा मिनिटांत लाडू वळले होते. मला वाटलं आई नाक मुरडेल. ती म्हणाली, “पोरीनं वळलेत ना? झालं तर.” एका घरून बिस्किटांचा चुरा आणि कोको यांच्या वड्या आल्या. मी गूळपापडी नेली होती. आणि शेवटचा डबा होता खालच्या खोलीतल्या बिहारच्या मुलीचा.

तो कुणालाच ओळखता येईना. आवाज खणखणीत, पण चिक्कीचा नाही. बिस्किटं म्हटलं, शंकरपाळी म्हटलं, खारी म्हटलं. ती मुलगी मराठी छान बोलते, पण त्या वेळी फक्त मान हलवत होती, ओठ घट्ट मिटून. तिच्या चेहऱ्यावर मला मळ्यातली माझी मैत्रीण दिसली. मी डबा आईच्या हातात दिला. आईनं तो कानाशी नेला. तिला आता कमी ऐकू येतं. मग झाकणाच्या फटीशी नाक नेलं, डोळे मिटले.

“कणीक आहे. गूळ आहे. तूप आहे,” ती म्हणाली. “तळलंय. आपल्या घारग्यांची कुणीतरी बहीण आहे बघ.”

मुलीनं झाकण काढलं. आत ठेकुआ होते. लाकडी साच्यावर दाबून उमटवलेली पानांची नक्षी, खरपूस तांबूस रंग. तिच्याकडे दिवाळीनंतर छठपूजेला करतात, या वेळी तिच्या आईनं खास आमच्यासाठी केलेले. मी एक तुकडा मोडून गूळपापडीशेजारी ठेवला. कणीक, गूळ, तूप. त्याच तीन वस्तू.

“नाव काय म्हणालीस?” आईनं विचारलं.

“ठेकुआ, आजी.”

आईनं ते नाव दोनदा स्वतःशी म्हटलं, पुढच्या वर्षी विसरू नये म्हणून.